काचपेटीतला साप : शोभेचा साप कसा निवडतात आणि त्यातून आपण काय शिकायचं?



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी हजेरी घेत होतो. चौथीतल्या एका मुलाने दप्तरातून प्लॅस्टिकची पाण्याची बाटली काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. "सर, साप आणलाय. आपण वर्गात काचेच्या पेटीत ठेवू या." बाटलीत वीतभर लांबीचा, काळपट तपकिरी, अंगावर पांढुरके आडवे पट्टे असलेला साप वळवळत होता. माझ्या पोटात गोळाच आला. कारण असे पट्टे कवड्यालाही असतात आणि मण्यारलाही. कवड्या बिनविषारी, तर मण्यार आपल्याकडच्या सर्वांत विषारी सापांपैकी एक.

मी मुलांना बाहेर मैदानात बसवलं, बाटलीचं झाकण न उघडता ती बादलीत ठेवली आणि गावातल्या सर्पमित्राला फोन केला. सुदैवाने तो कवड्या निघाला. सर्पमित्रांनी तो घेऊन जाऊन सोडून दिला. मुलाला मी रागावलो नाही. फक्त विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" तर म्हणाला, "सर, मोबाईलवर बघितलं. अमेरिकेतला एक मुलगा घरात लाल साप पाळतो. हातात घेतो. पेटी किती भारी सजवलीय त्याने! मग आपल्याला का नाही चालत?"

प्रश्न अगदी रास्त होता, हो की नाही? "नाही म्हणजे नाही" एवढंच सांगितलं असतं तर त्याने पुढच्या वेळी मला न दाखवता साप पकडला असता. म्हणून आजच्या लेखात या प्रश्नाचं नीट उत्तर शोधू या. तिकडचे लोक शोभेसाठी साप कसा निवडतात, कोणता साप पेटीत खरोखर चांगला दिसतो, त्यामागे कोणत्या जबाबदाऱ्या असतात आणि आपल्याकडे ते का चालत नाही, हे क्रमाने पाहू.

योगायोग असा की, माझी ताई अमेरिकेत डॅलसला राहते. तिच्या नऊ वर्षांच्या मुलानेही त्याच सुमारास साप पाळायचा हट्ट धरला होता. "मामा, आईला सांग ना!" असा व्हिडिओ कॉल मला आलाच. त्यामुळे हा विषय मी दोन्ही बाजूंनी अभ्यासला.

'दिसायला सुंदर' आणि 'दिसणारा' यात फरक आहे

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आधी सांगतो. फोटोत सुंदर दिसणारा साप पेटीत दिसेलच असं नाही. बहुतेक साप लाजरे असतात. त्यांना दडून बसायला आवडतं, कारण निसर्गात जो दडतो तोच वाचतो. घार, मुंगूस, कोल्हा हे सगळे त्यांचे शत्रू. त्यामुळे हौसेने महागाची पेटी आणावी, दिवे लावावेत आणि पाहुण्यांना दाखवायला जावं, तर पेटीत फक्त लाकडाचा ओंडका आणि पाण्याचं भांडं! साप ओंडक्याखाली झोपलेला.

म्हणून शोभेचा साप निवडताना पुढील प्रश्न विचारावे लागतात.

१. तो दिवसा बाहेर येतो, संध्याकाळी येतो की रात्रीच येतो?
२. पूर्ण वाढल्यावर किती मोठा होतो?
३. स्वभावाने शांत आहे की पटकन चावतो?
४. काय खातो, आणि ते आपण देऊ शकतो का?
५. त्याला किती उष्णता आणि हवेत किती ओलावा लागतो?
६. किती वर्षं जगतो?
७. तो पैदास केंद्रात जन्मलेला आहे की रानातून पकडलेला?
८. आपण राहतो तिथला कायदा काय सांगतो?

रंग हा प्रश्न मी मुद्दामच यादीत घेतलेला नाही. तो सगळ्यात शेवटी बघायचा.

काही प्रसिद्ध सापांची ओळख

कॉर्न स्नेक. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला बिनविषारी साप. नारिंगी अंगावर काळ्या कडांचे लाल ठिपके, आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी. कॉर्न म्हणजे मका. पोटावरची नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून हे नाव पडलं असं काही जण म्हणतात, तर मक्याच्या कोठारात उंदरांमागे सापडायचा म्हणून पडलं असं काही जण. लांबी साधारण ३ ते ५ फूट. स्वभाव शांत. संध्याकाळच्या वेळी पेटीत फिरतो आणि फांद्यांवर चढतो. पाळलेले कॉर्न स्नेक १५ ते २० वर्षं जगतात. आपल्याकडचा तस्कर किंवा धामण आणि हा एकाच मोठ्या कुळातले. नवशिक्यांना सगळ्यात जास्त सुचवला जाणारा साप हाच.

बॉल पायथन. हा आफ्रिकेच्या पश्चिम आणि मध्य भागातला छोटा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून डोकं आत लपवतो, म्हणून बॉल. लांबी ३ ते ५ फूट, अंगाने जाड, स्वभावाने गरीब. हाताळायला उत्तम, पण शोभेसाठी? दिवसभर बिळात. शिवाय जेवणाच्या बाबतीत हट्टी. कधी कधी काही महिने खातच नाही आणि मालकाचा जीव टांगणीला लागतो. आयुष्यही खूप मोठं. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात किमान ६२ वर्षं वयाच्या बॉल पायथन मादीने २०२० साली अंडी घातली होती! याचे शेकडो रंगप्रकार पैदाशीतून तयार केले आहेत. पण त्यातल्या 'स्पायडर' नावाच्या नक्षीदार प्रकारात मज्जासंस्थेचा दोष येतो. सापाचं डोकं थरथरतं, तोल जातो. नक्षी सुंदर, पण ती त्या जिवाला भोगावी लागते. मुलांशी बोलायला हा फार चांगला मुद्दा आहे.

मिल्क स्नेक. लाल, काळे आणि पांढरे किंवा पिवळे कडे अंगभर. हे रंग अमेरिकेतल्या विषारी कोरल सापासारखे दिसतात आणि शत्रू फसतो. रंगाने पाहिलं तर शोभेला पहिला नंबर, पण हा सतत पाल्याखाली घुसून राहतो. आणि नावाची गंमत ऐका. हा साप गोठ्यात येऊन गाईचं दूध पितो, अशी तिकडच्या शेतकऱ्यांची जुनी समजूत होती, म्हणून तो मिल्क स्नेक. आपल्याकडे धामणीबद्दल नेमकी हीच गोष्ट सांगतात ना? गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणून! खरं तर दोन्ही साप गोठ्यात येतात ते उंदरांसाठी. सापाच्या तोंडाची रचनाच ओढून दूध पिण्याची नाही. अंधश्रद्धेला देशाची सीमा नसते, हे वर्गात सांगायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

कॅलिफोर्निया किंग स्नेक. काळे-पांढरे ठळक पट्टे, तुकतुकीत अंग, ३ ते ४ फूट लांबी. हा बऱ्यापैकी हिंडताफिरता असतो, त्यामुळे पेटीत दिसतो. पण हा दुसरे सापही खातो, म्हणून याला एकट्यालाच ठेवावं लागतं. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर पाळीव सापांमधून सुटलेले किंग स्नेक रानात वाढले आणि तिथल्या खास सरड्यांची संख्या त्यांनी झपाट्याने घटवली. पेटीचं झाकण नीट न लावल्याचा परिणाम कुठपर्यंत जाऊ शकतो बघा.

गार्टर स्नेक. सडपातळ अंगावर लांबच लांब उभ्या रेघा. याचा मोठा गुण म्हणजे हा दिवसा जागा असतो. मुलं शाळेतून आली की पेटीत हालचाल दिसते. मासे आणि गांडुळं खातो. मात्र तो जास्त वेळा खातो, त्यामुळे पेटी वारंवार साफ करावी लागते, आणि घाबरला की अंगातून घाणेरडा वास सोडतो. केवळ पाहण्यासाठी साप हवा असेल तर जाणकार लोक याचं नाव घेतात. पण बाजारात याला फारसा भाव नाही, कारण फोटोत तो साधा दिसतो.

ग्रीन ट्री पायथन आणि रेनबो बोआ. पहिला न्यू गिनीकडचा. फांदीवर वेटोळे करून बसलेला हिरवागार अजगर. पिल्लं मात्र पिवळी किंवा लाल असतात आणि मोठी होताना हिरवी होतात. दुसरा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या खवल्यांवर उजेड पडला की साबणाच्या फुग्यासारखे इंद्रधनुष्यी रंग दिसतात. दोघेही डोळ्यांचं पारणं फेडतात. पण दोघांनाही सतत दमट हवा लागते. ती बिघडली तर कात नीट निघत नाही, श्वसनाचे आजार होतात. ग्रीन ट्री पायथनला हात लावलेला फारसा खपत नाही. हे अनुभवी माणसाचं काम, पहिल्या सापाचं नव्हे.

आणखी एक नाव वगळायलाच हवं. बर्मीज पायथन. पिल्लू फूट-दीड फुटाचं, गोजिरवाणं. पुढे १५ फुटांच्याही वर जाऊ शकतं. फ्लोरिडात सोडून दिलेल्या आणि सुटलेल्या अशा अजगरांनी एव्हरग्लेड्सच्या पाणथळ जंगलातले ससे, रॅकून यांसारखे प्राणी जवळजवळ संपवत आणले. २०१२ साली अमेरिकेने त्याला घातक प्रजातींच्या यादीत टाकलं.

पेटी म्हणजे शोकेस नव्हे, घर

साप शीतरक्ताचा प्राणी. म्हणजे अंगाची उष्णता तो बाहेरून घेतो. त्यामुळे पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड लागते. कॉर्न स्नेकसाठी गरम बाजू साधारण ३० अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २४ च्या आसपास. साप आपणच ठरवतो कुठे बसायचं ते. उष्णता देणाऱ्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर साप भाजतो. पेटी उन्हाच्या खिडकीत ठेवायची नाही, कारण काच काही वेळातच भट्टीसारखी तापते.

दोन्ही बाजूंना लपायची जागा हवी. इथे लोक चुकतात. साप दिसावा म्हणून लपायची जागा काढून टाकतात. मग साप घाबरलेला राहतो, खाणं सोडतो, काचेवर नाक घासतो. उलट लपायला भरपूर जागा असेल तर साप निर्धास्त होतो आणि आपणहून बाहेर येतो. आपल्या वर्गातल्या लाजऱ्या मुलाचंही असंच असतं, नाही का? त्याला पुढे ओढून उभं केलं तर तो गप्प होतो. कोपऱ्यात निवांत बसू दिलं तर एक दिवस स्वतःहून हात वर करतो.

पेटीची लांबी निदान सापाच्या लांबीइतकी असावी, म्हणजे त्याला पूर्ण ताणून पडता येईल. झाकण घट्ट आणि कडीचं. चढायला फांदी, पाण्याचं भांडं. कात टाकण्याआधी सापाचे डोळे निळसर धुरकट होतात. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून हात लावायचा नाही.

खाणं म्हणजे उंदीर. तिकडे गोठवलेले उंदीर विकत मिळतात. ते वितळवून, कोमट करून चिमट्याने देतात. पिल्लाला साधारण आठवड्याने, मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी. जिवंत उंदीर सोडत नाहीत, कारण तो सापालाच चावू शकतो. खाल्ल्यानंतर दोन दिवस सापाला उचलायचं नाही, नाहीतर तो ओकतो.

शेवटचं म्हणजे स्वच्छता. सापांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच. पाच वर्षांखालच्या मुलांनी साप-सरडे हाताळू नयेत, असं अमेरिकेची सीडीसी ही आरोग्य संस्था सांगते.

माझ्या भाच्याने काय निवडलं?

भाच्याला हवा होता हिरवा अजगर. फोटो बघूनच. मी त्याला नाही म्हटलं नाही. वर दिलेले आठ प्रश्न पाठवले आणि म्हटलं, "प्रत्येक सापापुढे उत्तरं लिही आणि मला पाठव." दोन आठवडे लागले त्याला. मग तोच म्हणाला, "मामा, हिरवा नको. मला जमणार नाही."

खरी अडचण ताईची होती. "अरे, माझ्या फ्रीजरमध्ये उकडीचे मोदक असतात. शेजारी उंदीर ठेवू? गणपतीचं वाहन?" हसू आलं तरी प्रश्न खरा होता. त्यांनी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर घ्यायचं ठरवलं. दुसरा प्रश्न वयाचा. मुलगा आज नऊचा. साप वीस वर्षं जगला तर मुलगा कॉलेजला जाईल आणि साप ताईकडे राहील. ताईने हे मान्य आहे का, याचा महिनाभर विचार केला. डिसेंबरात भारतात आले तर बघणार कोण, हेही शेजाऱ्यांशी बोलून ठेवलं.

मग मी एक युक्ती सुचवली. पेटी आणा, सजवा, पण साप आणू नका. महिनाभर रिकामी पेटी चालवा. भाचा रोज सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंचं तापमान वहीत लिहायचा, पाणी बदलायचा. तीन दिवस विसरला. ताईने वहीतली ती कोरी जागा दाखवली, बोलली काहीच नाही. महिना पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. दुसऱ्या वेळी पूर्ण झाला.

शेवटी पैदास केंद्रात जन्मलेलं कॉर्न स्नेकचं पिल्लू आलं. पहिला आठवडा ते दिसलंच नाही. भाचा रडकुंडीला आला. नवव्या दिवशी संध्याकाळी ते फांदीवर चढलं, आणि सगळं घर अंधारात शांत बसून बघत होतं म्हणे.

मग आपल्याला का नाही चालत?

आता माझ्या वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर.

पहिलं कारण, ओळख. तिकडच्या त्या मुलाचा साप रानातला नाही. त्याच्या कितीतरी पिढ्या माणसाकडे जन्मलेल्या आहेत आणि तो कोणता हे पक्कं ठाऊक आहे. रानातला साप उचलायचं धाडस तिकडेही शहाणी माणसं करत नाहीत. तिथेही कॉर्न स्नेक आणि विषारी कॉपरहेड यांत लोकांची गल्लत होते. आपल्याकडे कवड्या आणि मण्यार, अजगराचं पिल्लू आणि घोणस यांत होते. कवड्याचे पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, तर मण्यारचे उलट, असं पुस्तकात असतं. पण हे वाचून कुणी साप ओळखायला पुढे जाऊ नका. मी स्वतः हे वाचलेलं होतं, तरी त्या दिवशी मला खात्री वाटली नाही.

दुसरं कारण, कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडचे साप संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, पाळणं, विकणं, मारणं हा गुन्हा आहे. अगदी बिनविषारी मांडूळसुद्धा. गुप्तधनाच्या खुळचट समजुतीपायी त्याची तस्करी होते हे आपण बातम्यांत वाचतोच. विदेशी सापांचं म्हणाल, तर या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली. बॉल पायथन त्या यादीत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात बिस्किटं-केकच्या पाकिटांत लपवलेले बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक सापडले होते. पाकिटात कोंबलेला जीव 'शोभेचा' कसा म्हणायचा? नियम फक्त आपल्याकडेच आहेत असंही नाही. अमेरिकेच्याच हवाई राज्यात आणि न्यूझीलंडमध्ये साप पाळायला पूर्ण बंदी आहे.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याला पेटीची गरजच नाही. आपल्या बांधावर धामण आहे, विहिरीत दिवड आहे, झाडावर हरणटोळ आहे. शेतातली धामण उंदीर खाऊन आपलं धान्य राखते. तिला पेटीत ठेवलं तर शेताचा राखणदार कमी होतो.

वर्गात आणि घरी करता येतील असे उपक्रम

१. आठ प्रश्नांचा तक्ता. मुलांना कोणताही प्राणी निवडू द्या. कुत्रा, पोपट, मासा, साप. वरचे आठ प्रश्न विचारा. पाळायचा की नाही हे मुलांनाच ठरवू द्या.

२. रिकामी पेटी. घरात मासे किंवा कुत्र्याचं पिल्लू हवं असेल तरी आधी महिनाभर त्या कामाची वही भरायला लावा.

३. कात निरीक्षण. शाळेच्या परिसरात कात दिसली तर तिला हात न लावता लांबून मोठ्यांसोबत बघा, चित्र काढा. डोळ्यांवरचीही कात निघते हे मुलांना दाखवा. उत्तम पाठ होतो.

४. सर्पोद्यान भेट. पुण्याजवळच्या मुलांसाठी कात्रजचं सर्पोद्यान आहे. तिथे मुलांना "किती साप दिसले" यापेक्षा "कोणता साप कुठे लपला होता" हे शोधायला सांगा.

५. तीन नियम पाठ. साप दिसला तर थांबा, मागे सरका, मोठ्यांना सांगा. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आणि गावातल्या सर्पमित्राचा नंबर वर्गाच्या भिंतीवर लावा. साप चावलाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना.

तो बाटलीवाला मुलगा आता आमच्या शाळेचा 'सर्प मॉनिटर' आहे. काम एकच. साप दिसला की कुणालाही जवळ जाऊ द्यायचं नाही आणि सरांना बोलवायचं. ऑगस्टमध्ये त्याने मैदानाच्या कडेला धामण पाहिली आणि सगळ्या वर्गाला वीस पावलं लांब उभं केलं. आम्ही ती कुंपणातून शेतात जाईपर्यंत पाहिली. पाच मिनिटं, एकही मूल बोललं नाही.

वर्गात येऊन तो म्हणाला, "सर, पेटीत असती तर एवढी लांब दिसली नसती."

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या पालक गटात नक्की पाठवा, विशेषतः पावसाळा सुरू होण्याआधी.